टर्कीचं गाव कुठलं?

१६१२ साली जहांगीर बादशहाच्या दरबारात एक पक्षी आला. आणणारा होता मुकर्रब खान. त्याला हुकूम असा होता की गोव्याला जा, फिरंग्यांकडे जे काही दुर्मिळ दिसेल ते उचल आणि ते मागतील ती किंमत मोज. खान गेला, पैसे मोजले आणि बाकीच्या चीजवस्तूंबरोबर काही विचित्र प्राणी-पक्षी घेऊन परतला.

जहांगीरला प्राणी-पक्ष्यांचं विलक्षण वेड. हा पक्षी त्यानं किती निरखून पाहिला ते त्याच्या आत्मचरित्रात दिसतं. लांडोरीपेक्षा मोठा, मोरापेक्षा लहान. माजावर आला की मोरासारखा पिसारा फुलवतो. डोकं, मान आणि गळ्याखालची कातडी घटकेघटकेला रंग बदलते. माजात असताना पोवळ्यासारखी लाल, थोड्या वेळानं कापसासारखी पांढरी, मधूनच पिरोजा खड्यासारखी निळी. डोक्यावर मांसाचा एक तुकडा असतो, तो कधी हत्तीच्या सोंडेसारखा वीतभर लोंबतो, आणि आवळून घेतला की गेंड्याच्या शिंगासारखा दोन बोटं उभा राहतो. पणजोबा बाबरानं प्राण्यांची वर्णनं लिहून ठेवली, पण चित्रं काढून घेतली नाहीत, अशी तक्रारही बादशहा जाता जाता नोंदवतो. आपण ती चूक केली नाही, हे सांगायचं असतं. त्याचा दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरच्या हातचं मानलं जाणारं त्या पक्ष्याचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. गळ्याखालची एकेक सुरकुती त्यात मोजून घ्यावी.

वर्णनात सगळं आहे, फक्त नाव नाही. या प्राण्यांची नावं आजवर कुणालाच ठाऊक नव्हती, असं बादशहा सरळ लिहितो.

मला या सगळ्या कहाणीत सर्वांत प्रामाणिक माणूस जहांगीरच वाटतो. कारण जगात बाकी ज्यांच्या ज्यांच्या अंगणात हा पक्षी पोचला, त्यांनी नाव माहीत नसताना ठोकून दिलं. आणि देताना बहुतेकांनी एकच केलं: कुठल्या तरी दूरच्या देशाकडे बोट दाखवलं. बोटं मात्र एका दिशेला गेली नाहीत.

इंग्रजीत या पक्ष्याला म्हणतात टर्की. म्हणजे तुर्कस्तान. आता तुर्कस्तानात जा. तिथल्या बाजारात हाच पक्षी 'हिंदी' या नावानं विकला जातो. खोटं वाटेल, पण तुर्की भाषेत 'आज जेवायला हिंदी आहे' याचा अर्थ टर्कीचं मटण आहे, एवढाच. (आपल्या हिंदी भाषेला ते 'हिंत्चे' म्हणतात, त्यामुळे त्यांचा घोटाळा होत नाही. घोटाळा आपला होतो.) म्हणजे इंग्रज म्हणतो हा तुर्कांचा, तुर्क म्हणतो हा हिंदुस्थानचा. आणि हिंदुस्थानच्या बादशहाला त्याचं नावही माहीत नाही.

पक्षी खरा कुठला? मेक्सिकोचा. तिथल्या लोकांनी तो किमान दोन हजार वर्षांपूर्वी माणसाळवला. अ‍ॅझ्टेकांच्या नावात्ल भाषेत त्याचं नाव 'वेशोलोत्ल'. तेच स्पॅनिश जिभेवर घासून 'ग्वाहोलोते' झालं आणि मेक्सिकोत आजही चालतं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश लोक तिथे पोचले, त्यांनी हा पक्षी जहाजात घालून स्पेनला आणला आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत तो युरोपभर पसरला. पक्षी झपाट्यानं पसरला, त्याची खरी माहिती मात्र मागेच राहिली.

आता इंग्रजांनी तुर्कांकडे बोट का दाखवलं ते पाहू. यात एक दुसरा पक्षी गुंतलेला आहे: गिनी फाऊल. ठिपक्याठिपक्यांची, डोक्यावर पिसं नसलेली आफ्रिकेची कोंबडी. मेक्सिकोचा पक्षी येण्याआधी ही कोंबडी युरोपात येत होती, आणि ती येई तुर्कांच्या ताब्यातल्या मुलखातून, तिकडच्या व्यापाऱ्यांच्या हातून. म्हणून इंग्रज तिला 'टर्की-कॉक', 'टर्की-हेन' म्हणू लागले. तेवढ्यात स्पेनमार्गे हा नवा पक्षी आला. तोही मोठा, तोही टकला, तोही कुठून तरी समुद्रापलीकडून आलेला. लोकांनी दोघांना एकाच नावात कोंबलं. पुढे फरक कळला तेव्हा आफ्रिकेच्या कोंबडीला गिनीचं नाव देऊन वेगळं काढलं, आणि तुर्कांचं नाव ज्याचा तुर्कांशी काडीचा संबंध नव्हता त्याच्याकडे राहिलं. भाड्यानं राहायला आलेल्यानं घर बळकावावं आणि मूळ मालकानं दुसरीकडे बिऱ्हाड करावं, तसा प्रकार.

त्या काळच्या इंग्लंडात पूर्वेकडून आलेली कुठलीही चीज तुर्कांच्या खात्यावर लिहायची पद्धतच होती. गालिचे तुर्की. मक्याला तर 'टर्की व्हीट' म्हणजे तुर्की गहू म्हणत, आणि मकाही मेक्सिकोचाच! १५८१ साली लंडनच्या व्यापाऱ्यांनी तुर्कांशी व्यापार करायला जी कंपनी काढली तिचं नावच टर्की कंपनी. त्याच गटातल्या बऱ्याच व्यापाऱ्यांनी पुढे १६०० साली ईस्ट इंडिया कंपनीत पैसे घातले, आणि त्यांचं पुढचं चरित्र आपल्याला चांगलंच ठाऊक आहे.

मक्याचं निघालंच आहे म्हणून सांगतो. इटालियन लोक मक्याला 'ग्रानतुर्को' म्हणतात, म्हणजे तुर्की धान्य. आणि तुर्क काय म्हणतात? 'मिसिर'. मिसिर म्हणजे इजिप्त. सिनेमाहॉलबाहेर लाह्या फोडणारा इस्तंबूलचा माणूस वास्तविक 'इजिप्त' भाजत असतो.

इंग्लंडात टर्की पहिल्यांदा आणल्याचं श्रेय परंपरेनं यॉर्कशरच्या विल्यम स्ट्रिकलंडला दिलं जातं. १५५० साली त्याला जे कुलचिन्ह मिळालं त्यावर टर्कीचा नर आहे. बॉयंटन गावातल्या त्यांच्या चर्चमध्ये बायबल ठेवायच्या लाकडी स्टँडला सगळीकडे असतो तसा गरुड नाही, पंख पसरलेली टर्की आहे. पक्षी आल्यावर साठ-सत्तर वर्षांतच तो इंग्लंडात इतका मुरला की शेक्सपिअरच्या 'हेन्री द फोर्थ'मध्ये एक सामानवाला आपल्या टोपलीतल्या टर्क्या उपाशी असल्याची कुरकुर करतो. नाटक घडतं १४०० च्या आसपास, कोलंबसाच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी. नाटककाराला शंकाही आली नाही.

नावातला 'कॉक' पुढे गळून नुसतं 'टर्की' उरलं, हे आपल्याला समजायला सोपं आहे. पैठणचं लुगडं ते पैठणी, कोल्हापूरच्या चपला त्या कोल्हापुरी. 'पायात कोल्हापुरी घाल' म्हटल्यावर कुणी 'कोल्हापुरी काय?' असं विचारत नाही. वस्तू गळते, गाव उरतं. फरक इतकाच की पैठणीचं मूळ खरोखर पैठणचं.

हेच गळणं फ्रेंचमध्ये जास्त मजेशीर झालंय. फ्रेंच लोक आधी म्हणत 'कॉक द अँद', म्हणजे हिंदचा कोंबडा. कोंबडा गळाला आणि मागचे 'द' आणि 'अँद' चिकटून झालं 'दँद'. आज फ्रेंच माणूस 'दँद' म्हणतो तेव्हा तो शब्दशः 'हिंदची' म्हणत असतो, नुसतं विशेषण, आणि त्याच्या हे गावीही नसतं. रशियनांचा 'इंद्यूक', पोलिशांचा 'इंदिक', जॉर्जियनांचा 'इंदाउरी', आर्मेनियनांचा 'हंदकहाव', या सगळ्यांत हिंद आहे. दोष कोलंबसाचा. १४९२ मध्ये तो ज्याला हिंद समजून बसला ती अमेरिका होती, आणि बरीच वर्षं युरोपच्या बोलण्यात दोन हिंद होते, एक खरा आणि एक कोलंबसाचा. पक्षी कोलंबसाच्या हिंदमधला, बिल फाडलं खऱ्याच्या नावावर.

डच लोकांना एवढं मोघम चालण्यासारखं नव्हतं. व्यापारी माणसं, त्यांना नुसता देश पुरत नाही, बंदर लागतं. त्यांनी पक्ष्याचं नाव ठेवलं 'काल्कून', म्हणजे कालिकतची कोंबडी. कालिकत, आजचं केरळातलं कोळिकोड, जिथे १४९८ साली वास्को द गामा पोचला. डचांचं ऐकून डॅनिश आणि नॉर्वेजियन 'कल्कुन', स्वीडिश 'कल्कोन', फिनिश 'कल्क्कुना', लिथुआनियन 'कलाकूतस'. बर्फात राहणाऱ्या अर्ध्या उत्तर युरोपात नाताळच्या टेबलावर मलबारच्या बंदराचं नाव वाढलं जातं. कोळिकोडला गेलात तर तिथे तुम्हाला हलवा मिळेल, बिर्याणी मिळेल, पण या पक्ष्याचा तिथल्या मातीशी संबंध सापडायचा नाही.

आणि मग हा शब्द परत आला. डचांनी सतराव्या शतकात श्रीलंकेचा किनारा पोर्तुगीजांकडून घेतला आणि येताना आपला 'काल्कून' आणला. सिंहली भाषेनं तो उचलला, 'कलुकुम' झाला. म्हणजे कालिकतहून नाव निघालं, अ‍ॅमस्टरडॅमला जाऊन आलं आणि कालिकतपासून थोड्याच अंतरावर, समुद्राच्या एका पट्ट्यापलीकडे परदेशी शब्द म्हणून उतरलं.

आता पोर्तुगीज. हे आपल्या शेजारी साडेचारशे वर्षं राहिले, त्यामुळे इथे जरा थांबायला हवं.

पोर्तुगीज भाषेत टर्कीला म्हणतात 'पेरू'. उच्चारही जवळपास आपल्या पेरूसारखाच. अर्थ मात्र दक्षिण अमेरिकेतला पेरू देश. सोळाव्या शतकात स्पेनच्या अमेरिकेतल्या सगळ्याच मुलखाला पोर्तुगीज ढोबळपणे पेरू म्हणत, त्यामुळे मेक्सिकोचा पक्षी पेरूचा झाला. सगळ्या युरोपात नावात निदान अमेरिका तरी बरोबर पकडणारे हेच. खुद्द पेरू देशात मात्र त्याला कुणी पेरू म्हणत नाही. पोर्तुगीजांकडून तो शब्द उत्तरेकडे हिंदुस्थानीतही गेला आणि साहेबाच्या खानसाम्याच्या तोंडी टर्कीला 'पेरू' असं नाव बसलं.

पण मराठीत पेरू म्हणजे काय ते शाळेबाहेरच्या गाडीवाल्याला विचारा. हिरवट-पिवळा, बिया दातात अडकणारा. सुरीनं वरून फुली मारून चार पाकळ्या करायच्या, देठाकडे त्या जोडलेल्याच ठेवायच्या, मधे तिखट-मीठ भरायचं आणि कागदावर ठेवून द्यायचं. हा पेरूही पोर्तुगीजांबरोबरच आला, आणि हेही फळ अमेरिकेचंच. म्हणून पुष्कळांना वाटतं की हे नाव पेरू देशावरून पडलं. तसं नाही. आपला पेरू आलाय पोर्तुगीज 'पेरा'वरून, आणि पेरा म्हणजे नासपती, पेअर. नवं फळ दिसलं, आकार साधारण नासपतीसारखा, म्हणून इकडच्या पोर्तुगीजांनी त्याला नासपतीच म्हणायला सुरुवात केली. कोकणीत ते 'पेर' आहे, सिंहलीत 'पेर', बंगालीत 'पेयारा'. हिंदीवाले पोर्तुगीजांच्या वाटेला गेले नाहीत, त्यांनी फारसीतून 'अमरूद' घेतला. आणि फारसीत अमरूद म्हणजे काय? नासपती! दोन वेगळ्या वाटांनी जाऊन दोघांनी एकच चूक केली, याचा मला का कोण जाणे, फार आनंद होतो.

तर एखाद्या मराठी माणसानं लिस्बनला जाऊन सांगितलं की आमच्याकडे शाळेच्या मधल्या सुट्टीत पोरं तिखट-मीठ लावून कच्चा पेरू खातात, तर समोरच्याच्या डोळ्यांपुढे काय उभं राहील याची कल्पना करा.

स्पॅनिश लोकांचं काय? पक्षी त्यांनी स्वतः मेक्सिकोहून उचलला, त्यामुळे गाव चुकायचं कारण नव्हतं. त्यांनी गाव नाही, पक्षीच चुकवला. लॅटिनमध्ये मोराला 'पावो' म्हणत. पिसारा फुलवणारा नवा पक्षी पाहून स्पॅनिशांनी त्यालाच 'पावो' म्हटलं. मग खऱ्या मोराचं काय करायचं, असा प्रश्न आला. तेव्हा मोराला 'पावो रेआल' म्हणजे शाही पावो केलं. मोर आपला, हिंदुस्थानचा. इतरांनी पक्ष्याला हिंदुस्थानचं नुसतं नाव दिलं, स्पॅनिशांनी हिंदुस्थानी पक्ष्याचं नावच काढून दिलं. जहांगीरलाही मोरच आठवला होता, पण तो 'मोरासारखा' म्हणून थांबला.

अरबीत एक नाव नाही. इजिप्तमध्ये तो 'दीक रूमी', म्हणजे रूमचा कोंबडा, आणि रूम म्हणजे बायझंटाइन साम्राज्याचा, पुढे तुर्कांचा मुलूख. सीरिया-पॅलेस्टाइनकडे तोच 'दीक हबश', म्हणजे हबसाणातला, इथिओपियाचा. (आपल्या जंजिऱ्याच्या सिद्दींना हबशी म्हणतात तो हाच हबश.) हिब्रूत 'तर्नगोल होदू', म्हणजे होदूचा कोंबडा. होदू म्हणजे हिंदुस्थान. बायबलमधल्या एस्तेरच्या पुस्तकाची सुरुवातच अशी आहे की राजाचं राज्य होदूपासून कूशपर्यंत पसरलं होतं, हिंदपासून हबसाणाकडच्या मुलखापर्यंत. त्या राज्याची दोन्ही टोकं या एका पक्ष्याच्या पायात अडकली आहेत.

इस्रायलमध्ये टर्की भरपूर खातात. तिथल्या गाड्यांवरचा शवार्मा बऱ्याचदा टर्कीचाच असतो. त्याच देशात दिमोना, लोद, अश्दोद अशा गावांत अलिबाग-पेणकडून गेलेली बेने इस्रायली कुटुंबं राहतात. जुनी पिढी घरात अजून मराठी बोलते, 'मायबोली' नावाचं मराठी मासिकही त्यांनी तिथे चालवलं. कोकणात ज्यांच्या सात पिढ्यांनी हा पक्षी पाहिला नसेल, त्यांना नव्या देशात गेल्यावर दुकानदारानं तो 'तुमच्या हिंदुस्थानचा कोंबडा' म्हणून हाती दिला असणार.

आग्नेय आशियात तर बोट सरळ गोऱ्या मालकाकडे गेलं. मलयमध्ये 'आयाम बलांदा', डच कोंबडी. कंबोडियात फ्रेंच कोंबडी, कारण राज्य फ्रेंचांचं. स्कॉटलंडच्या गेलिकमध्येही ती फ्रेंच कोंबडीच आहे. व्हिएतनामीत 'गा ताय', नुसती पश्चिमेची कोंबडी. माणूस जे हातातून घेतो त्या हाताचं नाव देतो, हात आधी कुठे होता याची चौकशी करत नाही. वाण्याकडून आणलेल्या तांदळाला आपण वाण्याचाच तांदूळ म्हणतो की.

ज्यांनी देशाच्या भानगडीत न पडता पक्ष्याकडे पाहिलं, त्यांची नावं मला जास्त आवडतात. चिनी म्हणतात 'हुओजी', अग्निकोंबडी, त्या लालभडक गळ्यामुळे. जपानी म्हणतात 'शिचिमेनच्यो', सात तोंडांचा पक्षी, कारण चेहऱ्याचा रंग सारखा बदलतो. फारसीत आज त्याला 'बूकलमून' म्हणतात, म्हणजे रंग पालटणारा, सरड्यासाठीही वापरला गेलेला शब्द. जहांगीरनंही वर्णन करताना सरड्याचीच उपमा दिली होती. त्याला कुणी आग्रह केला असता, तर त्यानं बरं नाव ठेवलं असतं.

शास्त्रज्ञ तरी निस्तरतील म्हणावं, तर तेही याच रांगेत. १७५८ साली लिनियसनं पक्ष्याचं शास्त्रीय नाव ठेवलं 'मेलिआग्रिस गॅलोपावो'. मेलिआग्रिस हा ग्रीक शब्द गिनी फाऊलचा. गॅलो म्हणजे कोंबडा. पावो म्हणजे मोर. गिनी फाऊल, कोंबडा आणि मोर, तिघांची नावं आली. मेक्सिकोच्या पक्ष्याचं स्वतःचं असं त्यात एक अक्षर नाही. शिवाय मेलिआग्रिस इथे खर्ची पडल्यामुळे खुद्द गिनी फाऊलच्या शास्त्रीय नावात ते दुसऱ्या पदावर गेलं: 'न्यूमिडा मेलिआग्रिस'. इंग्रजीत जो घोटाळा झाला, तोच लॅटिनमध्ये पक्का करून ठेवला.

दरम्यान हा पक्षी अमेरिकेला परतलाही. इंग्रज वसाहतवाले सतराव्या शतकात व्हर्जिनिया-मॅसॅच्युसेट्सला गेले तेव्हा त्यांनी बरोबर आपल्या घरच्या टर्क्या नेल्या. मेक्सिकोहून स्पेन, स्पेनहून इंग्लंड, इंग्लंडहून पुन्हा अमेरिका. तिथल्या जंगलात त्याच जातीचे रानपक्षी आधीपासून होतेच, त्यांनाही इंग्रजांनी तेच नाव दिलं. १७८४ साली बेंजामिन फ्रँकलिननं मुलीला पत्र लिहिलं, त्यात राष्ट्रचिन्हावरच्या गरुडाला शिव्या घातल्या आणि टर्कीची बाजू घेतली. कारण काय, तर टर्की हा अमेरिकेचा अस्सल मूळ रहिवासी. तुर्कस्तानचं नाव लावून फिरणाऱ्याची एवढी तरफदारी दुसऱ्या कुणी केली नसेल.

त्याच अमेरिकेत पुढे 'टर्की' शब्दाला वाईट अर्थ चिकटले. पडेल नाटक-सिनेमा म्हणजे टर्की, मूर्ख माणूस म्हणजे टर्की. व्यसन एका झटक्यात सोडणं म्हणजे 'कोल्ड टर्की'. हे सगळं तुर्कस्तानच्या सरकारला कधीपासून खुपत होतं. जून २०२२ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांकडून आपलं अधिकृत नाव 'तुर्किये' करून घेतलं. गूगलवर देशाचं नाव टाकलं की पक्षी दिसतो आणि डिक्शनरीत 'मूर्ख' असा अर्थ निघतो, हे कारण त्यांच्या सरकारी वाहिनीनं उघड सांगितलं. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही राग आला असता. पण पक्ष्याला 'हिंदी' म्हणायचं मात्र त्यांनी सोडलेलं नाही.

आता आपल्यावर येऊ, कारण हसून झाल्यावर आरशात बघणं भाग आहे. विलायती चिंच आठवते का? गुलाबी-हिरवी, जिलबीसारखी वळलेली, आत पांढरा गर. विलायत म्हणजे आपल्या तोंडी इंग्लंड, आणि इंग्लंडच्या थंडीत ते झाड जगायचं नाही. ते आहे मेक्सिकोचं, टर्कीच्याच गावचं! इंग्रजीत तिला मनिलाची चिंच म्हणतात, आणि तिच्या झाडाला मद्रासचा काटा. फरसबी हा 'फ्रेंच बीन'चा मराठी अवतार, ती शेंग मूळ अमेरिकेची. सीताफळ तर आपण थेट रामायणात नेऊन बसवलं. शेजारी रामफळही ठेवलं, म्हणजे कुणाला शंका नको. दोन्ही फळं अमेरिकेची, पोर्तुगीजांच्या काळात आलेली. टर्किश टॉवेल आपल्याकडे विणले जातात सोलापूरला. आणि ज्याला तुर्की टोपी म्हणतो तिला इंग्रजीत फेझ म्हणतात, मोरोक्कोतल्या फेझ शहरावरून.

आपल्या साध्या चिंचेनंही दुसऱ्यांना असंच फसवलं आहे. अरबांनी तिला 'तमर हिंदी' म्हणजे हिंदचा खजूर म्हटलं, त्याचं इंग्रजीत 'टॅमरिंड' झालं. चिंच खजूर नाही, आणि मूळची हिंदचीही नाही. हजारो वर्षांपूर्वी ती आफ्रिकेतून इकडे आली.

उरले मेक्सिकोचे लोक. ज्यांच्या घरचा हा पक्षी, ज्यांना त्याचं नाव ठाऊक होतं, ते तरी या खेळात नव्हते असं वाटेल. पण स्पॅनिश जहाजं जाताना टर्की घेऊन गेली, तशी येताना कोंबड्या घेऊन आली होती. नावात्ल बोलणाऱ्यांनी कोंबडी पहिल्यांदाच पाहिली. पंख, चोच, तुरा, दाणे टिपणं, सगळं त्यांच्या ओळखीचं, फक्त अंगानं किरकोळ. आपल्याला टर्की म्हणजे थोराड कोंबडी वाटते, त्यांना कोंबडी म्हणजे खुरटलेली टर्की वाटली. आणली कुणी? कास्तीलच्या लोकांनी. म्हणून तिचं नाव पडलं कास्तीलची टर्की. पुढे टर्की गळाली, नुसतं 'काश्तील' उरलं, आणि नावात्लमध्ये कोंबड्याला आजही तेच म्हणतात.

कास्तील म्हणजे स्पेन. आणि कोंबडीचा मूळ पूर्वज, तो लालभडक रानकोंबडा, आशियाचा. आपल्या पूर्वेकडच्या जंगलांत तो अजून पहाटे आरवतो.